शेवाळ न धरणारं तळं

अलिबागजवळच्या खारेपाटात घरामागे तळं असणं ही काही श्रीमंतीची खूण नाही. खाडीचं पाणी बांध घालून थोपवलं आणि त्यामागे शेती केली, अशी ही जमीन. माती चिकण आणि काळी. खड्डा खणावा, पहिल्या दोन पावसांनी भरावा आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्यात पाणी राहावं, इतकी ती पाण्याला धरून असते. पावसाळ्यात खाडीत जिताड्याची पिल्ली मिळतात. ती आणून तळ्यात सोडायची, बारीक कोळंबी आणि किडूकमिडूक मासळी खाऊ घालायची आणि दीड-दोन वर्षांनी घरच्या कार्याला जिताडा काढायचा, हा तिथला जुना शिरस्ता. हा मासा जन्मतो खाऱ्या पाण्यात, पण गोड्या पाण्यात छान वाढतो. कचेरीत अडकलेला कागद जिताड्याच्या पाठीवर बसून पुढे सरकतो, असा विनोद रायगडात अजून ऐकू येतो.

आप्पांचं घर याच खारेपाटातलं. त्यांची लेक मंदा नागावला दिली होती. अंतर फार नाही, पण जमीन पार निराळी. नागावला समुद्र हाकेवर आणि माती सगळी वाळूची. नारळ-पोफळीला उत्तम, पण तळ्याला काही उपयोगाची नाही. बादलीभर पाणी ओतलं तर बादली खाली ठेवेपर्यंत जिरून जातं.

मंदाचा नवरा महेश हुशार आणि कष्टाळू. वाडीतल्या जुन्या घराला त्याने दोन खोल्या जोडल्या होत्या आणि शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याचे पाहुणे ठेवायचा. पाहुण्यांना बैलगाडी हवी असते, विहिरीवरचा रहाट हवा असतो, मोदक हवे असतात. महेशच्या डोक्यात आलं, की परसात जिताड्याचं तळं केलं तर काय बहार येईल! पोरं माशांना खायला घालतील, मोठी माणसं फोटो काढतील.

सासुरवाडीला गेला की तो आप्पांचं तळं बघायचा, पण ते त्याच्या मनात भरायचं नाही. पाणी हिरवं, काठ बुळबुळीत, तळ दिसायचा नाही. मासे आहेत की नाहीत तेच कळायचं नाही.

"मामा, आमच्याकडचे पाहुणे असल्या पाण्याला नाक मुरडतील," तो म्हणाला. "मला निळंशार पाणी हवंय. तळ दिसला पाहिजे."

आप्पा हसले. "बापू, तळ दिसतो तिथं मासा लपणार कुठं? पण तुमचं तळं, तुमची हौस. करा. पिल्ली मी आणून देईन."

मे महिन्यात खणाई झाली. बारा फूट लांब, आठ फूट रुंद, चार फूट खोल. चार गडी आणि दोन दिवस. आता प्रश्न आला अस्तराचा. वाळूत पाणी धरायचं तर खाली काहीतरी अंथरलं पाहिजे. गवंडी म्हणाला, सिमेंटचा हौद बांधा. पण खर्च मोठा, आणि नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो, पाणी इतकं अल्कधर्मी होतं की मासा टिकत नाही. ते मुरवायला आठवडेच्या आठवडे पाणी भरायचं आणि सोडायचं. तेवढा धीर महेशपाशी नव्हता.

मग प्लास्टिकचा कागद घालायचं ठरलं. शेततळ्याला घालतात तसला. मंदाने हिशेब केला. लांबीत खोलीची दुप्पट मिळवायची, कारण कागद दोन्ही भिंतींवरून उतरतो आणि चढतो. काठावर दाबायला दोन्ही बाजूंना एकेक फूट. म्हणजे बारा अधिक आठ अधिक दोन, बावीस फूट लांब. रुंदीला आठ अधिक आठ अधिक दोन, अठरा फूट.

नेमकं त्याच आठवड्यात शेजारच्या बंगल्यात पोहण्याच्या तलावाचं काम संपलं. तिथे लायनरचा एक मोठा तुकडा उरला होता. जाड, मऊ, निळाभोर, त्यावर टाइल्सची नक्षी छापलेली. महेशने मोजला तर बावीस फुटांना वर वीतभर आणि अठरा फुटांना बरोबर. जणू याच खड्ड्यासाठी कापून ठेवलेला.

काम करणारा पोरगा बोलण्यात पटाईत होता. "दादा, डोळे झाकून घ्या. इटुकली भेग पडणार नाही. आणि मुख्य म्हणजे शेवाळ धरत नाही. दहा वर्षं पाणी आरशासारखं राहील. घासायची कटकट नाही."

शेवाळ धरत नाही! महेशला आणखी काय हवं होतं? बाजारभावाच्या निम्म्याने तुकडा मिळाला. संध्याकाळी तो घरी आला तो लग्नातल्या वरबापासारखा.

मंदाने कागदावर हात फिरवला. "मासे जगतील ना याच्यात?"

"अगं, माणसं पोहतात याच्यात! लहान पोरं पाणी पितात पोहताना. माशाला काय होणार आहे?"

हा युक्तिवाद बिनतोड वाटला. मंदा गप्प बसली.

कागद बसवण्याचं काम मात्र महेशने मन लावून केलं, हे सांगायला हवं. तळातल्या पोफळीच्या मुळ्या त्याने छाटल्या, शंख-शिंपल्यांचे तुकडे वेचून काढले. लव्हाळा दिसला तिथे गाठीसकट उपटला, कारण लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा वर येतो आणि चांगल्या जाड प्लास्टिकलाही भोक पाडतो. वर बारीक वाळूचा थर दिला. कागद ताणून न बसवता सैल सोडला आणि पाणी हळूहळू भरत नेलं, म्हणजे वजनाने तो आपोआप कोपऱ्यात बसतो. काठाला चर खणून कडा आत दाबल्या, वर सिमेंटात जांभा दगड बसवला. एक छोटं कारंजं लावलं. विहिरीचं पाणी भरल्यावर परसात जणू आभाळाचा तुकडाच पडला. शेजारपाजारचे बघून गेले. एकही थेंब गळला नाही.

पाऊस लागला, खाडीत पिल्ली आली. आप्पांनी हातभर डब्यात वीसेक पिल्ली आणली. खाडीचं पाणी खारट आणि तळ्याचं गोडं. एकदम सोडली तर पिल्लांना सोसत नाही. म्हणून आप्पांनी डबा सावलीत ठेवला आणि दिवसभर थोडं थोडं तळ्याचं पाणी त्यात मिसळत राहिले. संध्याकाळी डबा आडवा केला तशी पिल्ली आपणहून बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी ठीक. तिसऱ्या दिवशी पिल्लांनी कोळंबीला तोंड लावलं नाही. चौथ्या दिवशी ती वरवर येऊन तोंड वासू लागली. आठवडा संपता संपता शेवटचं पिल्लू निळ्या कागदावर आडवं पडलेलं दिसलं. तळ दिसत होता, त्यामुळे तेही स्वच्छ दिसलं.

महेशने फोन केला. आवाजात थोडी नाराजी होतीच. "मामा, पिल्ली दमलेली होती वाटतं. वाटेत हाल झाले असतील."

आप्पा काही बोलले नाहीत. पुढच्या उधाणाला ते स्वतः खाडीवर गेले, निवडून तरतरीत पिल्ली घेतली, मोठ्या पिंपातून आणली, पुन्हा पूर्ण दिवस पाणी बदलण्यात घालवला आणि रात्री नागावलाच मुक्काम केला. ही खेपही तशीच गेली.

आता घरात चर्चासत्र भरलं. महेशची आई म्हणाली, कोणाची तरी नजर लागली. महेश म्हणाला, पाण्यात हवा कमी पडत असेल, कारंजं मोठं लावू. गवंडी सहज आला होता, तो म्हणाला, काठाला सिमेंट लावलंय त्याचा चुना उतरला.

आप्पा ओटीवर बसून सगळ्यांचं ऐकत होते. मग एकेक बाजू घेऊन बोलू लागले.

"हवा कमी पडली तर मासा पहाटे वर येतो. रात्रभर पाण्यातली झाडं, शेवाळ, सगळेच हवा ओढतात. पहाटेला ती सगळ्यात कमी असते. ऊन चढलं की मासा परत खाली जातो. आमच्याकडं दर उन्हाळ्यात एखाददुसऱ्या पहाटे हे होतं. इथं पिल्ली भरदुपारी वर आली, आणि कारंजं चालू होतं. तेव्हा हवेचं कारण नाही."

"मग चुना?"

मंदाचा चुलत दीर कोळंबी प्रकल्पात कामाला होता. त्याच्याकडून तिने पाण्याचा पीएच तपासायच्या पट्ट्या मागवल्या होत्या. पट्टीवरचा रंग साडेसातच्या खुणेला जुळला. साडेसहा ते साडेआठ या टापूत मासा सुखाने राहतो. पाऊसही धो धो पडत होता. चुन्याचं कारण गेलं.

"मग पाणीच वाईट असेल," महेश म्हणाला. "विहिरीचं."

यावर मंदा उठली आणि त्याला विहिरीवर घेऊन गेली. "वाकून बघा."

विहिरीत गप्पी मासे होते. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आरोग्य खात्याची माणसं गावोगावच्या विहिरींत गप्पी सोडतात, तसे तिथेही सोडलेले. चिमुकले, शेपटीला रंगाचा ठिपका असलेले. त्यांची पोरंबाळं आणि त्यांचीही पोरंबाळं त्या पाण्यात मजेत फिरत होती.

"तळ्यातलं पाणी इथलंच ना?" मंदा म्हणाली. "मग तळ्यात असं काय आहे, जे विहिरीत नाही?"

उत्तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं, निळं आणि चकचकीत. पण महेशचं मन मानेना. एवढ्या हौसेने आणलेली वस्तू, स्वतःच्या हाताने बसवलेली, गावाने वाखाणलेली. तो म्हणाला, "उगाच कागदाला दोष देऊ नका. पुरावा काय?"

"पुरावा काढू," मंदा म्हणाली.

तिने दोन सारख्या बादल्या घासून घेतल्या. दोन्हींत विहिरीचं पाणी सारखंच भरलं. विहिरीतूनच गप्पी काढले आणि दोन्ही बादल्यांत सारखे वाटले. काठावरून उरलेल्या निळ्या कागदाचा वीतभर चौकोन कापून एका बादलीत बुडवला, वर खडा ठेवला. दुसरी बादली नुसती. ऊन लागून पाणी तापलं तर मासे उन्हाने मेले की कागदाने हे कळायचं नाही, म्हणून दोन्ही पोफळीच्या सावलीत शेजारी शेजारी ठेवल्या. खायला दोन्हीकडे चिमूट चिमूट सारखंच.

"बादलीएवढ्या पाण्याला वीतभर कागद म्हणजे तळ्याच्या मानाने जास्तच झाला," महेशने शंका काढली.

"हो. परीक्षा कडक घेतेय. तळ्यात जे आठवड्याने दिसलं ते इथं त्याआधीच दिसेल. आणि कागद निर्दोष असेल तर जास्त असला काय, कमी असला काय?"

दोन दिवस दोन्ही बादल्या सारख्याच. महेशचा चेहरा खुलला. तिसऱ्या दिवशी कागदाच्या बादलीतले गप्पी एका कोपऱ्यात गोळा झाले. त्यांनी कल्ले फाकवले होते आणि हाताची सावली पडली तरी पळत नव्हते. निरोगी गप्पी सावली पडताच सुळकन खाली जातो. दुसऱ्या बादलीतले जात होते. चौथ्या दिवशी सकाळी कागदाच्या बादलीत निम्मे मासे तरंगत होते. मंदाने उरलेले पटकन काढून विहिरीच्या पाण्यात टाकले. ते जगवायचे होते, आणि कळायचं ते कळलं होतं.

महेश बराच वेळ त्या दोन बादल्यांसमोर उकिडवा बसला. मग त्याने लायनर विकणाऱ्याच्या दुकानी फोन लावला. फोनवर तो पोरगा नव्हता, मालक स्वतः बोलला, आणि माणूस सरळ निघाला.

"साहेब, तो पोहण्याच्या तलावाचा माल आहे. शेवाळ-बुरशी धरू नये म्हणून प्लास्टिकमध्येच औषध मिसळलेलं असतं अशा मालात. तेच तर आमच्या मालाचं वैशिष्ट्य आहे. माणसाला काही अपाय नाही. माशासाठी नेताय असं कुणी बोललंच नाही आमच्याशी."

माणूस तासभर पोहतो आणि अंग पुसून बाहेर येतो. मासा त्याच पाण्यात दिवसरात्र श्वास घेतो. त्याच्या कल्ल्यांची कातडी इतकी पातळ असते की पाण्यातली हवा तिच्यातून रक्तात उतरते. जिथून हवा उतरते तिथून विषही उतरतं. शिवाय हा कागद पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकचा. तो मऊ राहावा म्हणून त्यात घातलेली द्रव्यं असतात, ती हळूहळू बाहेर झिरपतात. बुरशी मारायला काही मालांत आर्सेनिक असलेलं औषध वापरलं जाई. तलावाच्या कामात हा सगळा गुणच. आणि महेशने तो गुण ऐकूनच माल उचलला होता.

आप्पांनी मग ती गोष्ट सांगितली जी त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होती, पण जी बोलून दाखवावी असं त्यांना वाटलं नव्हतं. कारण त्यांच्या लेखी ती सगळ्या जगालाच माहीत होती.

"बापू, आम्ही नव्या तळ्यात पिल्ली कधीच लगेच सोडत नाही. आधी बूड हिरवं होऊ देतो. काठ बुळबुळीत झाला की समजायचं, तळं लागलं. त्या बुळबुळीत माशाची घाण जिरते, त्यात बारीक जीव वाढतात, ते खायला बारीक मासळी येते आणि तिच्यावर जिताडा. तुम्हाला तो 'शेवाळ धरत नाही' म्हणाला तिथंच थांबायला हवं होतं. ज्याच्यावर शेवाळसुद्धा जगत नाही, त्याच्यात जिताडा कसा जगेल?"

आप्पांचं म्हणणं अनुभवाचं होतं, पण शास्त्रही तेच सांगतं. माशाच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया साठतो आणि तो माशाला घातक असतो. तळाला-काठाला चिकटलेल्या त्या बुळबुळीत थरातले जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट बऱ्यापैकी निरुपद्रवी, आणि शेवाळ-वनस्पती ते खाऊन टाकतात. महेशला जी घाण वाटत होती ती तळ्याची पचनसंस्था होती. त्याने आणलेल्या कागदाने पहिला घास तिचाच घेतला होता.

निळा कागद निघाला. तो फेकून मात्र दिला नाही. परसातल्या लाकडांच्या खोपीवर त्याचं छप्पर केलं. तिथे शेवाळ न धरणं फारच कामाला आलं आणि खोप सगळ्या पावसात कोरडी राहिली. वस्तू वाईट नव्हती, चुकीच्या जागी आली होती.

आता नवा कागद. यावेळी मंदा सोबत गेली. पहिल्या दुकानदाराने स्वस्तातली काळी ताडपत्री दाखवली. मंदाने विचारलं, "नव्या दाण्याची आहे की जुनं प्लास्टिक वितळवून केलेली?" दुकानदार म्हणाला, "काय फरक पडतो, ताई? पाणी धरतंय ना?" मंदा बाहेर पडली. वितळवलेलं प्लास्टिक आधी कशाचं होतं, खताच्या गोणीचं की कीटकनाशकाच्या पिंपाचं, ते कोण सांगणार?

महेशच्या मित्राने फुकटात निवडणुकीचे फ्लेक्स देऊ केले. गावात तोटा नव्हता त्यांचा. मंदा म्हणाली, "पीव्हीसीच ते, वर छपाईची शाई. पुढाऱ्यांच्या भरवशावर मी पिल्ली सोडणार नाही."

शेवटी शेतीमालाच्या दुकानात पाचशे मायक्रॉनचा, म्हणजे अर्ध्या मिलिमीटर जाडीचा, एचडीपीईचा काळा कागद मिळाला. महाराष्ट्रात शेततळ्यांना हाच चालतो. काळा रंग त्यात मिसळलेल्या काजळीचा असतो आणि तीच उन्हापासून प्लास्टिकचं रक्षण करते. त्यावर आयएस १५३५१ असा भारतीय मानकाचा शिक्का होता. दुकानदाराने तो अभिमानाने दाखवला.

"हा शिक्का कागदाच्या ताकदीचा झाला," मंदा म्हणाली. "आत काय मिसळलंय त्याचं?"

हा दुकानदार जाणता होता. पिण्याच्या पाण्याशी आणि अन्नाशी संपर्कात येणाऱ्या पॉलिथिलीनसाठी आयएस १०१४६ हे वेगळं मानक आहे, हे त्याला माहीत होतं. त्याने कंपनीकडून तसं पत्र मागवून दिलं. त्याने आणखी एक सांगितलं: गोल, वाकड्यातिकड्या तळ्याला एचडीपीई ताठ पडतो, त्याच्या घड्या नीट बसत नाहीत. तिथे ईपीडीएम नावाचं रबर सरस. ते मऊ आणि टिकाऊ असतं, महाग मात्र पडतं. पण तेही छपराचं न घेता तळ्यासाठी म्हणून विकलं जाणारं घ्यायचं. यांचं तळं आयताकृती, तेव्हा एचडीपीई चालेल.

"बिलावर लिहून द्याल, मत्स्यपालनासाठी योग्य?"

"देतो की," तो म्हणाला, आणि सही-शिक्क्यासकट दिलं.

तरीही घरी आल्यावर मंदाने नव्या कागदाचा वीतभर चौकोन कापला आणि पुन्हा दोन बादल्या मांडल्या. महेश म्हणाला, "आता कशाला? पत्र आहे, बिल आहे."

"पत्र मला वाचता येतं, गप्पींना येत नाही."

यावेळी दोन्ही बादल्यांतले मासे पंधरवडाभर सारखेच सावलीला घाबरत राहिले. उलट कागदाच्या तुकड्यावर हिरवट पापुद्रा धरला आणि गप्पी तो टोचून खाऊ लागले. आप्पांनी तो तुकडा बाहेर काढून बोटाने चाचपला. बुळबुळीत लागला. "हां," ते म्हणाले, "हा कागद जिवंत आहे."

मग काम सावकाश झालं. वाळूवर जिओटेक्स्टाइलचं जाड कापड, त्यावर कागद. पहिलं पाणी भरून टाकून दिलं, म्हणजे कारखान्यातली धूळ-तेल निघून जातं. दुसरं पाणी भरून तसंच राहू दिलं. पावसाळ्यात नागावला जमिनीतलं पाणी वर येतं आणि रिकाम्या तळ्याचा कागद खालून फुगवतं, म्हणून तळं एक दिवसही रिकामं ठेवलं नाही. आप्पांनी खारेपाटातल्या तळ्याचं कळशीभर हिरवं पाणी आणून त्यात ओतलं, विरजण म्हणून. आधी गप्पी सोडले. काठ बुळबुळीत झाला तेव्हा हंगाम संपत आला होता, पण खाडीत शेवटची पिल्ली मिळाली.

ती जगली. पाण्याला हिरवट झाक आली आणि तळ दिसेनासा झाला. महेश आता पाहुण्यांना सांगतो, की तळ दिसत नाही म्हणून मासे दिसतात. कोळंबी टाका आणि बघा. पोरं मूठभर कोळंबी फेकतात आणि पाण्यातून रुपेरी पाठ वर येऊन फट्दिशी तोंड मारून जाते. मुंबईच्या एका बाईंनी विचारलं, हे पाणी स्वच्छ करून घेत नाही का? महेश म्हणाला, "बाई, हेच स्वच्छ पाणी. मासे राहतात ना त्यात!"

तात्पर्य: पाणी धरणं हा अस्तराचा अर्धा गुण झाला, पाण्यात काही न सोडणं हा उरलेला अर्धा, आणि जीव त्याच्यावर टिकतो. दुकानात आपण जाडी विचारतो, भाव विचारतो, किती वर्षं टिकेल ते विचारतो. यापुढे आणखी दोन गोष्टी विचारा: यात काय मिसळलंय, आणि ते कोणाला मारण्यासाठी? वस्तूची सगळ्यात मोठी स्तुती ऐकू आली, की हा गुण आपल्या कामाचा आहे की आपल्याच मुळावर येणारा, ते आधी पारखून घ्या. विकणारा लिहून देत असेल तर लिहून घ्या, आणि लिहून दिलं तरी दोन बादल्या मांडा. ज्यांच्यासाठी आपण घर बांधतो त्यांना तक्रार करायला तोंड नसेल, तर त्यांच्या वतीने प्रश्न विचारण्याची जबाबदारी बांधणाऱ्याची असते.